पसरणीच्या मापानं पामीर

॥ श्री ॥

म्युनिक, ऑगस्टअखेर

ती. अण्णा व ती. सौ. आई यांस,

सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मागचं पत्र अण्णांनी लाल पेनानं तपासून परत पाठवलं, ते पोचलं. दीड पानात 'मी' एकवीस वेळा आला होता आणि एकवीसही ठिकाणी त्याला गोल केलेला होता. समासात शेरा होता : 'अर्जदाराने स्वतःविषयी कमी व वस्तुस्थितीविषयी अधिक लिहावे.' वाईच्या तहसील कचेरीत चौतीस वर्षं काढलेल्या अव्वल कारकुनाचा शेरा म्हणजे हुकूमच. तेव्हा या पत्रात 'मी' सापडणार नाही. यात एक चिरंजीव आहेत (अण्णांचे, वय ४६), एक नातू आहे (वय १४) आणि एक सून आहे. तिघं जण सायकली घेऊन ताजिकिस्तानात गेले होते आणि तिघंही धडधाकट परत आले आहेत. हे आईंसाठी आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं त्यांना निवांत वाचता येईल.

आता वस्तुस्थिती.

ताजिकिस्तानचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग म्हणजे गोर्नो-बदख्शान. देशाची ४५ टक्के जमीन या एका प्रांतात, आणि लोक मात्र देशाच्या तीन टक्क्यांच्या आतबाहेर. अण्णांच्या हिशेबानं सांगायचं तर सातारा जिल्ह्याच्या सहापट क्षेत्र आणि साताऱ्याच्या तेराव्या हिश्श्याइतकी माणसं. दोन गावांच्या मध्ये नुसते दगड, नदी आणि चिरंजीवांचं बोलणं. प्रांतात शिरायला व्हिसाच्या वर वेगळा परवाना लागतो आणि वाटेतल्या प्रत्येक चौकीवर तो दाखवावा लागतो. चौकीतला शिपाई जाडजूड वही काढतो आणि पासपोर्टवरचं अक्षर न् अक्षर हातानं उतरवून घेतो. त्या वहीला तिथेही 'दफ्तर'च म्हणतात. ताजिक भाषा ही फारसीच, आणि अण्णांची कचेरीतली मराठी निम्मी फारसी. जमीन, दफ्तर, जवाब, मोहोर, तयार असे शब्द सूनबाईनं एकामागून एक टाकून पाहिले, एकही वाया गेला नाही. जर्मन शिकायला जिला चार वर्षं लागली तिला ताजिक चार चौक्यांत यायला लागली, याचं श्रेय शिवकालापासूनच्या महसूल खात्याला.

दुशान्बेहून खोरोग हे प्रांताचं मुख्य गाव सुमारे ६०० किलोमीटर. जीपनं दोन दिवस. खोरोगची उंची २,१०० मीटरच्या पुढे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिलं तरी खोरोग वरच. इथून सायकली सुरू व्हायच्या होत्या. पंज नदीच्या काठानं इश्काशिम, तिथून वाखानच्या खोऱ्यानं लांगर, मग खारगुश खिंड चढून अलिचूरचं पठार आणि शेवटी मुर्गाब. एकूण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, मुक्काम धरून अकरा दिवस. चिरंजीवांनी याचा तक्ता केला होता. रोजचे किलोमीटर, रोजचा चढ, रोजचं पाणी, रोजच्या कॅलऱ्या. तक्त्याला तीन रंग होते.

चढ मोजायला मात्र घरात एकच माप चालतं. वाईपासून पाचगणीपर्यंतचा घाट जेमतेम बारा किलोमीटर, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. हा चढ म्हणजे एक पसरणी. चिरंजीवांनी अकरावीत असताना अण्णांची बावीस इंची सायकल घेऊन हा घाट न उतरता चढला होता, ही हकिकत म्युनिकमधल्या सगळ्या मित्रांना पाठ आहे. खोरोगच्या पहिल्या जेवणात ती यजमानांना ऐकवण्यात आली. वेळ सांगितला एक तास वीस मिनिटं. नातवानं हा आकडा वहीत लिहून ठेवला. का, ते पुढे येईल.

सायकली खोक्यांतून काढताना पेडलची एक पिशवी बेपत्ता निघाली. विमान कंपनीनं खोकं उघडून तपासलं आणि पुन्हा बांधताना पिशवी कुठे तरी ठेवून दिली, एवढंच कळलं. दोन पेडलं बाजारात मिळाली, जुनी, लोखंडी, वजनदार. ती बसवायला चिरंजीव स्वतः बसले. उजवं बसलं. डावं काही केल्या आट्यात जाईना. अर्धा तास घाम गाळल्यावर नातवानं हळूच सांगितलं की डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, नाही तर पाय मारता मारता ते आपोआप सैल होऊन गळून पडेल. मेकॅनिकल इंजिनिअर असलेल्या चिरंजीवांनी 'ते माहीत आहे' असं म्हणून पाना खाली ठेवला.

मग बाजारातल्या सायकलवाल्या म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं पेडल तर बसवलंच, पण मागचं चाक बोटानं फिरवून नकारार्थी मान हलवली. चाकाला आऊट होता. त्यानं सायकल उलटी केली, रिमच्या बाजूला खडूचा तुकडा धरला, चाक फिरवलं. जिथे खडू लागला तिथल्या त्या बाजूच्या तारा त्यानं छोट्या किल्लीनं पाव पाव फेरा सैल केल्या, समोरच्या बाजूच्या पाव पाव फेरा आवळल्या. मधूनमधून तो तारेला नखानं टिचकी मारून कान लावी, सतार लावणारा लावतो तसा. वाईच्या बाजारात सायकलचं दुकान चालवणारे काका नेमके असेच करायचे, हे चिरंजीवांना तिथे आठवलं आणि ते थोडा वेळ गप्प झाले. पैसे विचारल्यावर म्हातारा म्हणाला, 'मिथुन?' १९८२ चा 'डिस्को डान्सर' सोव्हिएत रशियात भयंकर गाजला, आणि त्या काळी तरुण असलेल्या माणसांच्या मनातून तो अजून उतरलेला नाही. चिरंजीवांनी भर बाजारात कमरेला दोन झटके दिले. आऊटचा हिशेब फिटला.

खोरोगपासून पंज नदी उजव्या हाताला असते आणि नदीपलीकडे अफगाणिस्तान. पलीकडे म्हणजे कृष्णेपलीकडे म्हणावं तसं. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद की तिकडच्या माणसानं गाढवाला दिलेली शिवी इकडे ऐकू येते. तिकडे कड्यात कोरल्यासारखी पायवाट, मातीची घरं, गव्हाचे चौकोन. संध्याकाळी तिकडच्या काही गावांत दिवे लागतात, ती वीज खोरोगच्या कंपनीकडून नदी ओलांडून जाते. आणि एक गंमत अण्णांनी नकाशात पाहावी : अफगाणिस्तानचं घड्याळ ताजिकिस्तानच्या अर्धा तास मागे, तर आपलं अर्धा तास पुढे. म्हणजे इकडे सात वाजता नातू दात घासत असायचा तेव्हा नदीपल्याडचा गुराखी साडेसहात होता आणि आई साडेसात वाजता वाईत तुळशीला पाणी घालत होत्या.

ही सीमा आखली इंग्रजांनी आणि रशियनांनी. १८९५ साली दोघांनी ठरवलं की आपली हद्द एकमेकांना भिडायला नको, म्हणून मधे अफगाणिस्तानची एक चिंचोळी पट्टी ठेवली. तीच वाखानची पट्टी, काही ठिकाणी जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद. भांडखोर भावांच्या दोन वाड्यांमध्ये सोडलेली बोळ म्हणा. त्या बोळीपलीकडे हिंदुकुशाची बर्फाची भिंत, आणि भिंतीमागे तेव्हाचा हिंदुस्थान, आताचं पाकिस्तान. वाखी बोलणाऱ्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्यांचे नातेवाईक नदीच्या दोन्ही अंगांना राहिले.

इश्काशिमनंतर नदी वळते आणि वाखानचं खोरं सुरू होतं. इथे तक्त्याचा पहिला रंग उडाला. तक्त्यात रोज साठ किलोमीटर होते. पण प्रत्येक गावाच्या वेशीवर पोरं रस्त्यात उभी, हात पुढे, टाळी दिल्याशिवाय सुटका नाही. टाळी झाली की जर्दाळू. छपरांवर जर्दाळू वाळत घातलेले, झाडाखाली जर्दाळूंचा सडा, बायका ओंजळी भरून हँडलच्या पिशवीत ओतायच्या. नको म्हणणं अशक्य. तिसऱ्या दिवशी तिघांच्याही पोटानं जर्दाळूंविरुद्ध जाहीर निषेध नोंदवला. त्याचा तपशील अण्णा वस्तुस्थितीत धरतील, पण आई जेवताना पत्र वाचतात, म्हणून इथेच थांबलेलं बरं.

दुपार झाली की वारा सुटायचा. उन्हानं डोंगराच्या उतारांवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा भरायला खालची हवा खोऱ्यातून धावत सुटते, असं चिरंजीवांनी समजावून सांगितलं. समजावून सांगताना तोंडात वाळू गेली. नातू म्हणाला, 'बाबा, तोंड बंद ठेवलं तर हवेचा रोध कमी होतो.'

यामचुनला जुना किल्ला आहे आणि त्याच्या वर, चांगल्या खड्या चढावर, बीबी फातिमाचे गरम पाण्याचे झरे. तिथे स्नानाच्या पाळ्या असतात. आधी बायका, मग पुरुष, मग पुन्हा बायका. गुहेत निळसर पाणी, छताला खडकाच्या लोंबत्या जटा, आणि सहा दिवसांनी अंगाला लागलेलं गरम पाणी. सूनबाईला रडू येणार होतं, पण तेवढ्यात शेजारच्या बाईनं बोटं दाखवून विचारलं, मुलं किती? सूनबाईनं एक बोट वर केलं. पाण्यातल्या सगळ्या बायका हळहळल्या. या झऱ्यानं मूल होतं अशी तिकडची पक्की श्रद्धा. दोघींनी सूनबाईचे खांदे धरले आणि खडकातल्या एका छोट्या कपारीत तिला चांगलं ढकललं. आईंनी गेली बारा वर्षं जो विषय फोनवर सुचवून सुचवून सोडून दिला, तो पामीरच्या बायकांनी दीड मिनिटात मार्गी लावला. सूनबाईचं वय ४३ आहे, हे त्यांना कोणत्याच भाषेत सांगता आलं नाही.

व्रांग गावी टेकडीवर दगडमातीच्या पायऱ्यापायऱ्यांचं एक पडकं बांधकाम आहे. बौद्ध स्तूप म्हणून दाखवतात. तिथे अण्णांची फार आठवण झाली, कारण इथून जवळपासच्याच वाटेनं ह्युएन त्संग गेला होता. सातव्या शतकात हा चिनी भिक्षू भारतभर फिरला. तो महाराष्ट्रातही आला, पुलकेशीचं राज्य असताना. इथले लोक मानी आहेत, उपकाराला जागतात आणि अपमान झाला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलं. परत घरी जाताना तो याच वाखानवरून आणि पामीरवरून गेला, आणि इथल्या थंडीबद्दल आणि वाऱ्याबद्दलही लिहिलं. म्हणजे वाई परिसराची मोजदाद करून वाखानला आलेला पहिला माणूस चिरंजीव नव्हेत, ते तेराशे-चौदाशे वर्षं उशिरा पोचले. विश्वकोशाचं कार्यालय घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. अण्णांनी जाऊन तपासावं आणि चूक असेल तर गोल करावा.

त्या रात्रीच्या घराबद्दल जरा सविस्तर.

पामिरी घर बाहेरून मातीचा ठोकळा. आत शिरताना कमानीला डोकं आपटतं, चिरंजीवांचं दोनदा आपटलं. आत एकच मोठी खोली, भिंतीकडेनं उंच ओटे, त्यांवर गाद्या, मधे खोलगट चौक. छताला बरोबर मधोमध झरोका, एकात एक बसवलेल्या चार लाकडी चौकटींचा, प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीला तिरकी. पृथ्वी, आप, तेज, वायू असे त्याचे चार अर्थ सांगतात. सकाळी त्यातून उन्हाचा एक पट्टा येतो आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. आपल्या वाड्याच्या चौकात येतो तसाच, फक्त इथे वरून पाऊस येत नाही. खोलीला पाच खांब. महंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन अशी त्यांची नावं. कोणता खांब कोणाचा आणि कोणत्या खांबापाशी कोणी बसायचं हे ठरलेलं. चिरंजीव चुकीच्या जागी बसले, कोणी काही बोललं नाही, पण यजमानांच्या नातीनं तोंडावर हात घेतला.

सकाळी न्याहारीला शिरचाय आला. मोठ्या वाडग्यात दूध घातलेला चहा, त्यात लोणी, त्यात मीठ, वरून रोटीचे तुकडे कुस्करलेले. चहात मीठ! पोहे-चहाच्या कार्यक्रमात घाबरलेल्या मुलीकडून होणारी चूक इथे रोज सकाळी मुद्दाम होते. सूनबाईनं पहिला घोट डोळे मिटून घेतला. दुसरा उघडे ठेवून. तिसऱ्यानंतर वाडगा रिकामा. गारठ्यात दिवसभर पाय मारायचे असतील तर साखरेच्या चहाला काही अर्थ नाही, हे खरं तर आईंना सांगायची हिंमत होत नव्हती.

भिंतीवर आगाखानांचा फोटो होता. पामिरी लोक बहुतेक इस्माइली, आणि चौथे आगाखान म्हणजे त्यांचा प्राण. १९९२ ते १९९७ या काळात ताजिकिस्तानात यादवी झाली, रस्ते बंद पडले, डोंगरात धान्य येईना. त्या वर्षांत आगाखान फाउंडेशननं पोचवलेल्या पिठावर ही खोरी जगली. यजमान आजी तेव्हा तरुण होत्या. ट्रक आला तो दिवस सांगताना त्यांनी हातानं पोत्याची उंची दाखवली आणि मग हात तसाच हवेत राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत ते आगाखान वारले. फोटोशेजारी आता मुलाचा, रहीम आगाखानांचा, नवा फोटो लागला आहे.

सूनबाई माहेरची पुण्याची. तिनं मोबाइलवर फोटो काढून दाखवला, कमानींची ती पांढरी इमारत आणि पुढची हिरवळ. 'हे आगाखानांचं घर, आमच्या गावात.' तिसऱ्या आगाखानांनी तो पॅलेस १८९२ साली बांधला. १९४२ मध्ये गांधीजींना तिथेच स्थानबद्ध केलं, कस्तुरबा तिथेच गेल्या, आणि १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ती वास्तू देशाला देऊन टाकली. हे सगळं नातीनं आजीला वाखीत सांगितलं. आजींनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि शेजारणीला हाक मारली. पाच मिनिटांत आठ बायका. तो मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता आणि प्रत्येक जण कपाळाला लावून सूनबाईच्या गालाला हात लावत होती. लहानपणापासून शंभर वेळा त्या फाटकासमोरून स्कूटर गेली, आत ती दोनदाच गेली आहे, त्यातली एक सहल शाळेची. ते तिनं तिथे सांगितलं नाही. निघताना पैसे घ्यायला आजी तयार होईनात. शेवटी चिरंजीवांनी ते रोटीच्या फडक्याखाली ठेवले, आणि सायकल वेशीपर्यंत पोचते तोवर नातीनं धावत येऊन ते परत केले. वर एक पिशवी जर्दाळू.

(इथेही पसरणीची हकिकत झाली. वेळ : एक तास पाच मिनिटं.)

लांगरजवळ पामीर आणि वाखान या दोन नद्या मिळतात आणि पंज होते. गाव संपतं, झाडं संपतात. इथून पुढे सामान वाहायला जीप केली, कारण नातू चौदाचा आहे आणि अण्णांनी फोनवर जे सांगितलं होतं ते सगळ्यांच्या लक्षात होतं. लांगर २,९०० मीटरच्या आसपास, खारगुश खिंड ४,३४४ मीटर. म्हणजे अडीच पसरणी, एकावर एक. फरक एवढाच की पसरणीत वळणावर रसवंती असते आणि इथे सैनिकांची चौकी.

रस्त्याला रस्ता म्हणायचं ते उपकारापोटी. पन्हळी पत्रा आडवा अंथरावा तशा लाटा, किलोमीटरच्या किलोमीटर. कोरड्या, सुट्या मातीवरून चाकं वेगानं गेली की उडी मारतात, जिथे आपटतात तिथे खळगा होतो, पुढचं चाक त्याच खळग्यात आपटून तो वाढवतं. ट्रक नसते तर लाटा नसत्या. सायकलवाल्यानं त्यांवरून जाणं म्हणजे जात्यावर बसून प्रवास करणं. चाकांतली हवा थोडी कमी केली की जरा सोसतं. चिरंजीवांनी ती जरा जास्तच कमी केली, आणि दोन पंक्चरं झाली.

हवेचंच बोलायचं तर ती चाकात कमी होती आणि छातीतही. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठेक टक्केच. नातवाच्या दप्तरातलं चकलीचं पाकीट फुगून उशी झालं होतं. तीन हजार मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टरी नियम आहे, तो पाळला. वाटेत तंबू टाकून दोन रात्री काढल्या. तरीही दुसऱ्या सकाळी चिरंजीव डोकं धरून बसले. सूनबाईनं विचारलं, दुखतंय का? 'दुखत नाही, जाणवतंय.' गोळी घेतली, पाणी प्यायले, आणि नंतर 'बेअरिंगचा आवाज येतोय, तपासायला हवं' असं म्हणून त्यांनी सायकल जीपमध्ये टाकली. सोबत स्वतःलाही. बेअरिंग सहा किलोमीटर तपासण्यात आलं.

नातू पुढे निघून गेला होता. मार्मोट नावाचे गुबगुबीत प्राणी बिळापाशी उभे राहून शिट्ट्या मारायचे, तो उलट शिट्टी मारायचा. सूनबाई मागे. शंभर पावलं पेडल, मग उतरून पन्नास पावलं ढकलणं, मग हँडलवर डोकं टेकून उभं राहणं. खारगुश म्हणजे फारसीत ससा. खर म्हणजे गाढव, गोश म्हणजे कान, गाढवासारख्या कानाचा तो ससा. सशाच्या खिंडीत कासवाचा पहिला नंबर येईल अशी लहानपणापासूनची समजूत होती. तसं काही झालं नाही. ससाच पहिला आला आणि झोपलाही नाही. तासाभरानं कासव पोचलं, आणि त्यानंतर जीपमधून उतरून शेवटचे दोनशे मीटर सायकल चालवत चिरंजीव पोचले. फोटोत तिघं सायकलीसह आहेत. फोटोच्या मागची हकिकत अण्णांना माहीत असावी म्हणून लिहिली.

पलीकडे उतरल्यावर डांबरी सडक लागते, पामीर महामार्ग. ओश ते खोरोग हा रस्ता रशियनांनी १९३० च्या दशकात केला. डांबर ठिकठिकाणी फुटलेलं, पण पन्हळी पत्र्यानंतर ते गालिचासारखं वाटलं. अलिचूर ३,८०० मीटरच्या वर. इथे किरगिझ लोक, घरं बसकी, आभाळ प्रचंड. झाड नाहीच. जळण म्हणजे तेरेस्केन नावाचं खुरटं झुडूप आणि याकचं शेण. ते झुडूप उपटून उपटून पठार उघडं पडत चाललंय, ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. शेणी मात्र प्रत्येक भिंतीला रचलेल्या. सूनबाईनं एक हातात घेऊन पाहिली, बाजूला बोटांचे ठसे स्पष्ट. आईंनी थापलेली म्हणून खपली असती.

त्या रात्री यजमानांच्या चुलीवर डाळ शिजत ठेवली. दीड तास झाला, डाळ जशीच्या तशी. एवढ्या उंचीवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. ते उसळत राहतं पण तापत नाही, नुसतं चिडलेल्या माणसासारखं. छोटा कुकर सूनबाईनं आणायचं म्हटलं होतं. तक्त्यात तो 'अनावश्यक वजन' या रांगेत लाल रंगात होता. चिरंजीवांनी कच्च्या डाळीकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, आणि मोबाइल खिशात ठेवला. भात कसाबसा झाला होता. तेव्हा सूनबाईनं पिशवीच्या तळातून आईंनी मार्चमध्ये पाठवलेलं मेतकूट काढलं. गरम भात, यजमानीणबाईंनी दिलेलं याकचं लोणी, वर मेतकूट, मीठ. चुलीसमोर पाच मिनिटं कोणी बोललं नाही. यजमानीणबाईंनी बोट लावून चाखलं, मग वाटी पुढे केली. त्यांच्या दोन मुलांनीही. पुडी तिथेच संपली. चिरंजीव त्या रात्री म्हणाले, की सगळा प्रवास नीट आखला होता, फक्त मेतकूट कमी पडलं. म्युनिकमध्ये असताना ते हेच मेतकूट 'पिवळी पूड' म्हणून फ्रीजवर ढकलून देतात, हे आईंनी लक्षात ठेवावं.

मुर्गाबला शेवटचे शंभर किलोमीटर पाठीत वारा घेऊन झाले. तिथला बाजार मालवाहू जहाजांच्या लोखंडी डब्यांत भरतो. एका डब्यात टोमॅटो, एकात चिनी चपला, एकात मोबाइल. चपलांच्या डब्यात चिरंजीवांनी डाव्या पायाचा फुटलेला बूट दाखवला, दुकानदारानं दोन उजवे काढून दिले. तेच घालून ते विमानात बसले.

मुर्गाबच्या जेवणात पसरणीची हकिकत चौथ्यांदा झाली. वेळ : पंचेचाळीस मिनिटं. नातवानं वही काढली आणि आलेख दाखवला, आडव्या रेषेवर समुद्रसपाटीपासूनची उंची, उभ्या रेषेवर घाट चढायला लागलेला वेळ. उंची वाढेल तसा वेळ घटत गेलेला, अगदी सरळ रेषेत. त्याचं म्हणणं असं की एव्हरेस्टवर बाबा पसरणी चढून गेलेले नसतील, तर आधीच वर असतील. चिरंजीवांचं म्हणणं असं की खरा वेळ अण्णांनाच माहीत आहे, कारण त्या दिवशी अण्णा एसटीनं पाचगणीला आले होते आणि स्टँडवर घड्याळ धरून उभे होते. पैज पन्नास युरोंची लागली आहे. दोघंही उत्तराची वाट पाहत आहेत.

तरी अण्णांनी परतीच्या टपालानं खरा आकडा सहीनिशी कळवावा. पडवीतली बावीस इंची सायकल भंगारवाल्याला देऊ नये, दिवाळीत नातू येतोय आणि त्याला घाट चढायचा आहे. तिच्या मागच्या चाकाचा आऊट काढून ठेवावा.

आपली,
सूनबाई

ता. क. आई, मेतकूट या वेळी अर्धा किलो. दुहेरी पिशवीत बांधून.